पडद्याआडची वही

सौदीत तुम्ही काय करत होतात, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, बायकांची झडती घेत होते. विचारणाऱ्याचं तोंड मग बघण्यासारखं होतं. नवऱ्यामागे तिकडे गेलेली रायगडातली बाई एक तर चपात्या लाटत असणार, नाही तर फार तर चार बायकांचे कपडे शिवत असणार, अशी लोकांची समजूत. पहिली दोन वर्षं मीही तेच केलं. मग कुवेतची लढाई आली आणि माझ्या हातांना वेगळं काम लागलं. ते मी अकरा वर्षं केलं. पण सांगण्यासारखे आहेत ते पहिले सहा-सात महिने, त्यातच माझी सगळी अक्कल आली आणि सगळ्यात मोठी चूकही झाली.

जेद्द्याच्या उत्तरेला समुद्र जमिनीत आत शिरतो. त्या खाडीवर एक रिसॉर्ट होता, त्याचं नाव मी सांगणार नाही. माझा नवरा कासम तिथे बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. या बोटी मासेमारीच्या नव्हेत. बोटीमागे दोरी, दोरीला धरलेला माणूस, माणसाच्या पायांत दोन फळ्या, आणि बोट सुटली की तो पाण्यावर उभ्याने घसरत जातो. स्कीइंग म्हणतात त्याला. खरं तर तो बर्फावरचा खेळ, पण सौदीत बर्फ कुठून आणायचा? कासम म्हणायचा, आपल्या गावात माणूस होडीतून पडला तर किनाऱ्यावर रडारड होते, इथे पडायला लोक लांबून गाडी करून येतात.

नव्वद सालच्या ऑगस्टात इराकने कुवेत घेतलं. आमच्या गावचे सात-आठ जण कुवेतमध्ये होते, ते अम्मानमार्गे अंगावरच्या कपड्यांनिशी घरी पोचले. कुवेतची माणसं मात्र सीमा ओलांडून सौदीत आली. आमच्या रिसॉर्टमधली समुद्राकाठची बैठी घरं, ज्यांना तिथे शॅले म्हणत, त्यातली निम्मी अशा कुटुंबांनी भरली. उरलेल्या निम्म्यांत नेहमीचे शहरातले लोक, गोरे इंजिनियर, त्यांच्या बायका. बाहेर लढाईची तयारी चाललेली आणि आत लोक फळ्या लावून पाण्यावर घसरतायत, असा तो प्रकार होता.

सुरक्षेचा मुख्य अबू फहद, तायफकडचा निवृत्त फौजी. उंच, सरळ, कमी बोलणारा. त्याने हुकूम काढला की आत येणाऱ्या प्रत्येकाची झडती होणार, मग तो पाहुणा असो की शॅलेत राहणारा. पुरुषांचं ठीक होतं. पण परक्या बाईच्या नुसत्या पर्सलाही पुरुषाने हात लावायचा नाही, ही तिथली रीत. त्यामुळे बायका तशाच आत जात होत्या, आणि अबू फहदच्या जिवाला घोर लागला होता. अबायाच्या, म्हणजे त्या अंगभर काळ्या झग्याच्या आत बाई काय वाट्टेल ते नेऊ शकते, असं तो म्हणे. कासमने तिथे माझं नाव सुचवलं. का, तर म्हणे हिला अरबी येते. मला अरबी येत होती ती मासळीबाजारात भांडण्यापुरती.

विमानतळावर हेच काम करणारी एक सौदी बाई दोन दिवस येऊन मला शिकवून गेली. तिने शिकवलेलं मी पुढे अकरा वर्षं पाळलं. हात लावण्याआधी तोंडाने सांगायचं की आता इथे हात लावते. तळहात वापरायचा नाही, हाताची पाठ वापरायची, कारण तळहात लागला की बाई अंग चोरते आणि पाठ लागली तर तिला तेवढं वाटत नाही. पर्समधल्या वस्तू ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने परत ठेवायच्या. आणि बाईच्या तोंडाकडे बघत राहायचं, वस्तूंकडे नाही. वस्तू खोटं बोलत नाहीत, पण काही सांगतही नाहीत.

यात माझी स्वतःची भर म्हणजे शिवणकाम. कापडाची घडी कुठे जाड आहे, शिवण कुठे उसवून पुन्हा घातली आहे, अस्तरात काय आहे, हे माझी बोटं मला विचारल्याशिवाय सांगायची. त्या दिवसांत बायका काय काय शिवून फिरत होत्या! पाटल्या, पासपोर्ट, एकीने तर घराची कागदपत्रं मेणकापडात गुंडाळून परकराला टाचली होती. उद्या पळायची वेळ आली तर हाताला लागेल ते जवळ हवं, एवढाच त्यामागचा विचार.

पहिल्या आठवड्यात झडती उघड्यावर होती. फाटकापाशी एक लांब टेबल, त्यावर मी पर्स रिकामी करायची, मागे बायकांची रांग, आणि पाच पावलांवर फाटकावरचा कारकून पाठमोरा बसून मी सांगेन ते अरबीत नोंदवायचा. त्याच आठवड्यात एका मोठ्या घरच्या बाईच्या पिशवीत केसांचा टोप निघाला. तिच्या डोक्यावर होता तो वेगळा, हा दुसरा. मी इमानदारीत सांगितलं, कारकुनाने इमानदारीत लिहिलं. संध्याकाळी कासम घरी आला तो हसतच. म्हणे त्या अमुक बाईला टक्कल आहे, बोटीवर सगळे तेच बोलतायत. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणे सावंतने.

सावंत म्हणजे आमच्या बोटींच्या सुट्या भागांचं स्टोअर सांभाळणारा. मालवणचा, बारा वर्षं सौदीत काढलेला. माणूस मदतीला धावणारा, पण तोंडाला झाकण नाही. सावंतला कळलं म्हणजे जेद्द्याला कळलं, असं सगळेच म्हणत. कारकुनाच्या वहीतून ती गोष्ट त्याच्या कानावर गेली आणि दिवस मावळायच्या आत खाडीभर झाली. ती बाई पुन्हा कधी आमच्याकडे आली नाही.  तिच्या डोक्यावरचे केस माझ्या हाताने ओढून घेतल्यासारखं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी मी अबू फहदपुढे उभी राहिले. म्हटलं, मला पडदा पाहिजे आणि माझी वही मला पाहिजे. त्याने विचारलं, तुला अरबी लिहिता येतं? नाही. इंग्रजी? नाही. मग काय येतं? मराठी येतं. आमच्या गावात उर्दू शाळा नव्हती, तेव्हा सातवीपर्यंत मराठी शाळेत मार खाल्लेला.  तो म्हणाला, कशातही लिही, पण लिही. हाताला जे कडक लागेल ते लिहायचं, एकही सोडायचं नाही. आणि दर गुरुवारी मला वाचून दाखवायचं.

अशी ती वही सुरू झाली. दर गुरुवारी मी त्याच्यापुढे बसून एकेक नाव वाचायची आणि तो दरवेळी तेच दोन प्रश्न विचारायचा. हत्यार? मी म्हणायची, मा फी, काही नाही. स्फोटक? मा फी. खलास, पुढची. कुणाकडे कसल्या गोळ्या आहेत, कुणी खोटे दात बसवलेत, कुणाच्या पर्समध्ये परपुरुषाचा फोटो आहे, हे सगळं मी मराठीत लिहायची आणि अरबीत गिळायची. अबू फहदलाही ते कळत असावं. त्याने कधी तिसरा प्रश्न विचारला नाही.

गमतीही होत्या. एका हिजाजी, म्हणजे त्याच मुलखातल्या आजीच्या टोपलीतून मांजर निघालं. मी म्हटलं मांजराला मनाई आहे, तर ती म्हणाली, लढाईत मी हिला घरी एकटी ठेवू का? विषारी गॅसपासून वाचायचा मुखवटा तिने दोघींसाठी आणला होता. एक गोरी मॅडम दर आठवड्याला सॅलडमध्ये घालायचा सिरका म्हणून बाटली आणायची. मी एकदा वास घेतला आणि मला ठसका लागला. मी तिला सांगितलं, मॅडम, हा सिरका खराब झालाय, घरी न्या. ती लाल झाली, पण घरी घेऊन गेली. वहीत मी लिहिलं, सिरका, परत पाठवला.

आता उम्म नूरा. शॅले नंबर चौदा. कुवेतची बाई, माझ्याच वयाची, दोन मुली. नवरा मागे कुवेतमध्ये राहिलेला, म्हाताऱ्या आईला सोडून निघेना म्हणून, आणि मग रस्ते बंद झाले. दीर अबू खालिद आणि त्याची बायको शेजारच्या पंधरा नंबरमध्ये. कुवेतमधून एखादा निसटून आला की प्रथम जेद्द्यात ओळखीच्यांना गाठतो, म्हणून उम्म नूरा रोज सकाळी शहरात जाऊन नवऱ्याची चौकशी करायची आणि दुपारी परत यायची. म्हणजे रोज माझ्या पडद्याआड.

पहिल्याच दिवशी ती माझ्याशी हिंदीत बोलली आणि मी चाट पडले. तिचा बाप मोत्यांचा व्यापारी, लहानपणी उन्हाळ्यात तिला मुंबईला आणायचा. हिंदी तिची तिथलीच, रस्त्यावरची. मी तिला नारळ घालून केलेली मासळी खिलवली, तिने मला खजुराचे पदार्थ दिले. तिची पर्स मला पाठ झाली होती. पण पर्स पाठ झाली तरी झडती झडतीच्या जागी. ओळख म्हणून सोडायचं नाही, हे तिलाच पटलेलं होतं.

जानेवारीत लढाई पेटली. रियाध आणि दम्मामवर क्षेपणास्त्रं पडू लागली. आमच्या जेद्द्यावर पडलं नाही, पण भीतीला अंतर कळत नाही. लोक मुखवट्याचे डबे काखोटीला मारून पाण्यावर खेळायला येत. त्याच दिवसांत बाजारात अफवा उठली होती की कुणी बाई अंगाला काहीतरी बांधून कुठल्या तरी कंपाउंडमध्ये शिरणार आहे. मीही माणूसच. प्रत्येक अबायाकडे मी संशयाने बघू लागले होते.

अशा एका दुपारी उम्म नूराच्या डाव्या काखेखाली माझ्या हाताच्या पाठीला काहीतरी कडक लागलं. कापडातलं नव्हे, कापडाखालचं. मी जे करायला नको होतं ते केलं. तिचं मनगट घट्ट धरलं आणि ओरडले, ये क्या है, निकालो. ती हलली नाही. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली,

"निकालनेका होता तो मैंच निकालती."

मी मनगट सोडलं. मग तिने स्वतः माझा हात धरून तिथे ठेवला, तळहात. सुपारीएवढी गाठ होती. मला कळायला क्षणही लागला नाही, कारण अशीच गाठ मी पूर्वी एकदा पाहिली होती, माझ्या थोरल्या बहिणीची. तिने लाजेपायी दीड वर्ष कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची, आणि तिने शपथ घातली म्हणून मीही गप्प बसले. शपथ पाळली आणि बहीण घालवली. हे माझं दुखणं मी आजवर एकीखेरीज कुणापुढे काढलेलं नाही, इथे काढते आहे.

त्या दिवशी पडद्याआड मी उम्म नूराला ते सांगितलं. ती ऐकून रडली नाही, तिने उलट हिशेबच मांडला. दिराला कळलं तर तो आजारी बाईकडे मुली ठेवणार नाही. त्यांना रियाधला त्यांच्या आत्याकडे पाठवील, जिथे रोज भोंगे वाजतायत. नवरा येईपर्यंत दोन्ही मुली मला माझ्या डोळ्यांपुढे पाहिजेत. तो आला की मग बघू गाठीचं. मी कुणाला बोलणार नाही असं तिने वदवून घेतलं. मी वचन दिलं, पण एका अटीवर: तू माझ्याबरोबर डॉक्टरणीकडे यायचं.

आणि मग संध्याकाळी मी वही उघडली आणि लिहिलं. शॅले चौदा, उम्म नूरा, डाव्या काखेत गाठ, हत्यार नव्हे, दवाखान्यात न्यायला हवी. का लिहिलंस, असं मी स्वतःला शंभरदा विचारलं आहे. हाताला कडक लागेल ते लिहायचं असा नियम होता म्हणून, आणि मनावर एवढं ओझं घेऊन झोपता येईना म्हणून. कासमलाही मी बोलले नव्हते. मराठी कोण वाचतंय इथे, असा माझा भरवसा. गुरुवारी वाचताना मी नेहमीसारखं म्हटलं, चौदा नंबर, मा फी.

पुढच्या आठवड्यात मी रजा टाकली आणि आम्ही दोघी शहरातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सुई घालून नमुना घेतला, आणि चार दिवसांनी सांगितलं की काढावी लागेल, आता काढली तर बाई वाचेल, थांबलात तर मी खात्री देणार नाही. मात्र ऑपरेशनला घरच्या पुरुषाची सही पाहिजे. नवरा कुवेतमध्ये. म्हणजे राहिला दीर. उम्म नूराने पर्स उचलली आणि चालू लागली. मी तिच्या मागे. आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर, समोरून फळांची पिशवी घेऊन कोण येतंय? सावंत. कुणा दोस्ताला बघायला आलेला. त्याने मला पाहिलं, तिला पाहिलं, आणि सलाम करून आत गेला.

त्या दिवशीची नोंद मी रागाने लिहिली. शॅले चौदा. गाठ काढलीच पाहिजे, दिराची सही हवी, ही ऐकत नाही. सावंतने दवाखान्याच्या पायरीवर पाहिलं. त्या चहाडखोराला कळता कामा नये.

मग तो दिवस आला. दुसऱ्या कुठल्या फाटकावर कुणाकडे काडतुसं सापडली म्हणून शहरातून एक अधिकारी सगळ्या वह्या तपासायला आला. कारकुनाची वही त्याने चाळली. माझी उघडली आणि त्याचा चेहरा बदलला. घरांचे नंबर, बायकांची नावं, आणि बाकी सगळी कुणाला न कळणारी लिपी. लढाईच्या दिवसांत असली वही कुणाच्या घरी सापडली असती तर त्याला हेर म्हणून धरलं असतं. त्याने अबू फहदला विचारलं, हे तू दर आठवड्याला ऐकतोस, पण तिने वाचलेलं आणि लिहिलेलं एकच आहे हे तुला कशावरून ठाऊक?  इथे हे वाचणारा दुसरा कुणी आहे का, असं अधिकाऱ्याने विचारलं. रिसॉर्टचा मॅनेजर म्हणाला, आहे, स्टोअरमध्ये.

 बाहेर कासम उभा होता, त्याला वाटत होतं आपला इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, गेला. मला इकाम्याचं सुचतच नव्हतं. कारण त्याच खोलीत, भिंतीशी कॉफीचा पेला घेऊन, अबू खालिद बसला होता. झडतीमुळे आमच्या बायकांचा अपमान होतो अशी तक्रार करायला तो आला होता आणि झडतीत काय लिहितात ते त्यानेही ऐकावं म्हणून अधिकाऱ्याने त्याला मुद्दाम थांबवून घेतलं होतं. उम्म नूराचा दीर आणि मालवणचा सावंत, दोघे एका खोलीत, आणि मध्ये माझी वही.

सावंत आला. चष्मा लावला. पहिल्या पानापासून वाचायला लागला, मराठी डोळ्यांनी आणि अरबी तोंडाने. कंगवा, चाव्या, औषधाच्या गोळ्या. मांजर. अधिकारी हसला. सिरका, परत पाठवला. बायकांची जी गुपितं मी लिहिली होती तीही त्याने काही वाचली, काही खोकल्यात घालवली. मला वाटलं, गाळतोय की काय? की माझाच भास? मग तो जानेवारीच्या पानावर आला. चौदा नंबर, उम्म नूरा, असं म्हणाला आणि थांबला. भिंतीजवळ अबू खालिदने पेला खाली ठेवला.

सावंत पुढचं मनात वाचत होता. त्याचे ओठ हलत होते. मग त्याने पान उलटलं आणि दुसरी नोंदही मनातच वाचली, ती रागाने लिहिलेली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, माझी सवयच ती. त्याचे कान लाल झाले. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाला, मा फी, काही नाही.

अधिकारी शहाणा होता. त्याने पानावर बोट ठेवलं. म्हणाला, चार ओळी लिहिल्यात आणि अर्थ फक्त काही नाही?

"बाकीचं माझ्याबद्दल आहे, साहेब," सावंत म्हणाला. "बाईने मला शिव्या घातल्यात. मी चहाडखोर आहे, मला काही कळता कामा नये, असं लिहिलंय."

 मग मॅनेजर खदखदून हसला, कारण सावंतची ख्याती त्यालाही ठाऊक होती. अधिकारीही हसला. म्हणाला, मग बाई खरंच लिहिते म्हणायची. त्याने वहीवर शिक्का मारला. यापुढे एक प्रत अरबीत ठेवा, फक्त हत्यार आणि स्फोटक, बाकी नको, असं सांगून तो गेला. अबू खालिदही उठून गेला. दोन दिवस सबंध रिसॉर्टभर सावंतला चहाडखोर म्हणून चिडवत होते, आणि तो खाली मान घालून ऐकून घेत होता.

मी स्टोअरच्या दारात गेले.  सावंत नटबोल्ट निवडत होता. वर न बघता म्हणाला, "भाभी, तुमी भरवसो ठेवलास नाय, तरी गुपित माझ्याकडे इला. आता ता माझ्याकडेच रवतला." आणि वर म्हणाला, अक्षर जरा सुधारा, कोंबडीचे पाय बरे. मला रडूच आलं. त्या माणसाबद्दल मी जे लिहिलं होतं ते खरं होतं आणि तरीही मी त्याच्यावर अन्याय केला होता.

वहीची तपासणी झाली त्याच दुपारी मी उम्म नूराला सगळं सांगितलं. लपवता आलं असतं, पण आता तिच्याशी खोटं वागायची सोय राहिली नव्हती. वचन देऊन तू ते लिहून ठेवलंस, एवढंच ती म्हणाली. पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पडद्याआड यायची, हात वर करायची, तोंड भिंतीकडे. त्या दोन दिवसांत मला माझी बहीण फार आठवली. तेव्हा गप्प बसून चुकले, आता लिहून चुकले, मग माणसाने करायचं तरी काय, असं वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी ती आली आणि तोंड माझ्याकडे केलं. अबू खालिदला मी सांगितलं, म्हणाली.

"तेरी किताब में गया, तो मेरी बात मेरी नहीं रही. मैं बोली, किसीने बोलने से पहले मैंच बोलती."

आणि दीर काय म्हणाला? ज्याला ती इतकी घाबरत होती तो माणूस शॅलेच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला होता. त्याला वाटत होतं वहिनी रोज शहरात जाते ती आपल्यावर विश्वास नाही म्हणून. मुलींना रियाधला पाठवण्याचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याची बायको त्याच संध्याकाळी आपलं अंथरूण घेऊन चौदा नंबरमध्ये राहायला आली. दुसऱ्या सकाळी सही झाली.

ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. नंतरचे उपचारही जेद्द्यातच चालू झाले. ती दवाखान्यात असतानाच कुवेत सुटल्याची बातमी आली, वॉर्डातल्या बायकांनी तोंडाने आनंदाचा गजर केला आणि नर्स त्यांना गप्प करता करता स्वतःच गजर करू लागली. उम्म नूराचा नवरा आणखी तीन आठवड्यांनी सीमेवरच्या खफजीच्या रस्त्याने आला. वाळून काटकी झालेला, पण आपल्या पायांवर. आमच्या फाटकावर अबू फहदने त्याची झडती घ्यायची म्हणून घेतली, आणि मग त्याला मिठी मारून बराच वेळ बोलत राहिला. इतक्या महिन्यांत मी अबू फहदला एवढं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

झडती ही वाईट गोष्ट आहे की चांगली, असं मला विचारतात. आता तर देवळात, मॉलमध्ये, सगळीकडे ती आहे, आणि पोरी कंटाळलेल्या तोंडाने बायकांच्या पर्स उघड्यावर उपसत असतात. मी त्यांना थांबून सांगते, बाय, हाताची पाठ वापर. काही हसतात, काही करून बघतात. झडती घ्यावी लागते, हे मला पटलेलं आहे. पण शोधायचं ते हत्यार. बाकी जे हाताला लागेल ते त्या बाईचं, आणि सांगायचं असेल तर तिने सांगायचं.

कुवेतला परत जायच्या आदल्या दिवशी उम्म नूरा बाजारातून मुलींसाठी कपडे घेऊन आली आणि नेहमीसारखी पडद्याआड शिरली. मी म्हटलं, जा आता, तुझी काय झडती घ्यायची? ती ऐकेना. पर्स टेबलावर ठेवली. डावा हात वर केला, पूर्वीएवढा तो वर जात नव्हता, पण जाईल तेवढा केला. म्हणाली, देख. मी सांगितलं, आता इथे हात लावते. हाताची पाठ हळू फिरवली, एकदा, आणि पुन्हा एकदा.

मग तिच्यासमोरच वही उघडली आणि जमेल तेवढ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: शॅले चौदा, उम्म नूरा. काही सापडलं नाही.